पाच कंदीलजवळचे अँपवाले नाना : रेकॉर्डरच्या ढिल्या बॅटरी कॉन्टॅक्टचा खरा इलाज करणारं धुळ्यातलं दुकान

धुळे, नंदुरबार, जळगाव कुठेही राहून जे हातातल्या रेकॉर्डरवर गाणी, मुलाखती, कीर्तनं रेकॉर्ड करतात आणि ज्यांचा रेकॉर्डर नवेकोरे सेल टाकूनही मधेच बंद पडतो, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. दुकान धुळ्यात पाच कंदीलच्या गर्दीत आहे, आत एका वेळी जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढंच. नाव-नंबर टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय कारण एकटेच काम करतात, पण तिथे कुणालाही "अँपवाले नाना" विचारा, बोट दाखवतील. मुख्य काम बँडवाल्यांचे आणि मंडपवाल्यांचे अँप्लिफायर, मिक्सर, हार्मोनियमवाल्यांचे माईक. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे लिहिते.

मी अहिराणी गाणी रेकॉर्ड करते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची, लग्नातली हळदीची, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसते त्या रात्रीची. कानबाईची गाणी रात्रभर चालतात आणि सोमवारी विसर्जन. त्या रात्री एखादी सत्तरीतली आजी एकदा गाते ते गाणं दुसऱ्यांदा तसंच येत नाही, कडवी बदलतात, दम बदलतो, आणि पुढच्या वर्षी ती असेलच असंही नसतं. त्यामुळे बॅटरीचा ढिला कॉन्टॅक्ट हा माझ्यासाठी किरकोळ बिघाड नाहीच. गाणं जातं ते कायमचं जातं.

माझा रेकॉर्डर दोन पेन्सिल सेलवर (एए मापाच्या) चालणारा, वर दोन माईक, खाली बाहेरचे माईक लावायला दोन एक्सएलआर सॉकेट. कंपनीचं नाव घेत नाही, हा त्रास सगळ्याच कंपन्यांच्या मशीनमध्ये होतो. लक्षणं सांगते म्हणजे तुम्हाला जुळवून बघता येईल. चार्ज केलेले सेल टाकले की बॅटरीच्या तिन्ही रेघा दिसायच्या, थोड्या वेळात एकदम एकच रेघ, बंद करून चालू केलं की परत तीन. टेबलावर जरा जोरात ठेवला की बंद. बाहेरचा कंडेन्सर माईक लावून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (रेकॉर्डर माईकच्या वायरीतूनच माईकला देतो ती वीज) दिली की लगेच "लो बॅटरी". आणि सगळ्यात महत्त्वाचं, यूएसबीची वायर लावून चालवला तर तासन्‌तास कुरकुर नाही. हे शेवटचं लक्षण असेल तर बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे, गडबड सेलपासून बोर्डापर्यंतच्या रस्त्यात आहे, एवढं तुम्ही घरी बसून ओळखू शकता.

आधी मी एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवला होता (नाव नको). त्यांनी उघडून बघितला का तेच कळलं नाही, मेन बोर्ड बदला म्हणाले आणि आकडा सांगितला तो रेकॉर्डरच्या निम्म्या किमतीएवढा. "यूएसबीवर चालतोय तर बोर्ड खराब कसा" हे मी विचारलं, त्यावर उत्तर आलं नाही. मशीन तसंच परत मागवलं. मग एका बँडवाल्या दादांनी नानांचं नाव सांगितलं.

नानांनी मशीन हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला, कोणत्या सेलवर बंद पडतो, ते सेल आणलेत का? आणले होते. मल्टिमीटरवर दोन्ही सेल सुटे मोजले, १.३ च्या आसपास, म्हणजे चार्ज व्यवस्थित. नेहमीच्या दुकानात इथेच गाडी थांबते, सेल चांगले तर मशीन खराब, विषय संपला. नाना म्हणाले, "ताई, सेलना काही दोष नही. पहिले मोजानं, मंग खोलानं." मग सेल मशीनमध्ये टाकले, रेकॉर्डिंग सुरू केलं, फँटम चालू केलं, हेडफोन लावला, म्हणजे मशीनला जास्तीत जास्त करंट ओढायला लावला आणि तसं चालू असतानाच मीटरच्या टोकांना बारीक सुया लावून एकेका जोडावर किती व्होल्ट खर्ची पडतायत ते मोजलं. एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं स्प्रिंग बोर्डाला जिथे जोडलीय तिथे. चांगल्या जोडावर हा आकडा काही मिलिव्होल्ट, फार तर वीस-पंचवीस असायला हवा असं त्यांनी सांगितलं. तीन ठिकाणी तसाच आला. चौथ्या ठिकाणी, एका सेलच्या निगेटिव्हकडच्या स्प्रिंगवर, तीनशेच्या आसपास, आणि स्प्रिंगला काडीने नुसतं टोचलं तरी तो आकडा नाचत होता. मशीन अजून उघडलेलं नव्हतं आणि दुखणं कुठे आहे ते कळलं होतं. मी या दुकानावर एवढं लिहितेय ते या पाच मिनिटांसाठी.

आता हे तीनशे मिलिव्होल्ट म्हणजे काय ते समजून घेतलं की सगळी लक्षणं आपोआप उलगडतात. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल साधारण १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४. समजा मशीन ३०० मिलिअँपिअर ओढतंय आणि ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स १ ओहम आहे, तर ०.३ व्होल्ट तिथेच जातात आणि मशीनला मिळतात २.१. मशीनला बिचाऱ्याला सेल दिसत नाही, त्याला फक्त आपल्या दारात किती व्होल्ट पोचले ते दिसतं, त्यामुळे ते समजतं सेल संपत आले. त्यात आणखी एक गोष्ट नानांनी सांगितली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. या मशीनच्या आत व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर असतो, त्याला ठरावीक पॉवर लागते, आणि व्होल्ट कमी मिळाले की तो जास्त करंट ओढून भरपाई करतो, जास्त करंट ओढला की जोडावर अजून व्होल्ट पडतात, मग अजून कमी मिळतात, आणि असं होत होत मशीन एकदम खाली बसतं. म्हणूनच फँटम चालू केलं की लगेच मरायचं आणि नुसते अंगचे माईक असले की रडतखडत चालायचं. कार्डवर डेटा लिहितानाही करंटचे झटके बसतात, म्हणून कधी कधी काहीच हात न लावता बंद पडतं.

उघडल्यावर दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे त्या स्प्रिंगच्या बुडाशी पांढरट पापुद्रा. हा अल्कलाइन सेल गळल्याचा. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, सेल पार संपेपर्यंत मशीनमध्ये पडून राहिला की आत गॅस धरतो, सील सुटतं, आतलं बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरं पोटॅशियम कार्बोनेट होतं. मशीन बंद असलं तरी घड्याळ वगैरेसाठी थोडा थोडा करंट जातच असतो, म्हणून "बंद तर होतं की" हे काही कामाचं नाही. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा ४४-४५ ला टेकतो, गरम जागेत सेल लवकर गळतात, मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर रेकॉर्डर सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगची पट्टी बोर्डाला जिथे झाळलीय (सोल्डर केलीय) तिथे झाळणाला गोल बारीक चीर. भिंगाखाली दाखवली, नुसत्या डोळ्यांना दिसली नसती.

चीर का पडली याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. दर वेळी सेल दाबून घालताना आणि काढताना ती पट्टी हलते, आणि वर आपला रस्त्यावरचा प्रवास. शिरपूरहून वर सातपुड्यात किंवा अक्कलकुव्याकडून होळीला काठी गावाला मोटारसायकलवर जाताना पाठीवरच्या बॅगेत मशीन सतत थरथरत असतं. सेल जड, स्प्रिंग बारीक, दोघांची केसाएवढी घासाघीस चालूच, त्यात वरचं निकेलचं पॉलिश झिजतं आणि उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर बसतो. याला इंजिनिअर लोक फ्रेटिंग म्हणतात. तो थर डोळ्यांना काळपट डाग म्हणूनच दिसतो, कधी तर तेवढाही दिसत नाही, पण करंट अडवतो. सेल बोटाने जागच्या जागी फिरवले की मशीन तात्पुरतं ठीक होतं हे पुष्कळ जणांनी अनुभवलं असेल, ते याचमुळे, फिरवल्याने तो थर पुसला जातो. तुमच्या मशीनला सेल फिरवून गुण येत असेल तर तुमचा आजार हाच आहे, नवे सेल विकत घेऊन पैसे घालवू नका.

काम कसं केलं तेही लिहिते, यात शिकण्यासारखं आहे. चारही स्क्रू काढून लोहचुंबकाच्या वाटीत, कोणता कुठला ते कागदावर. पांढऱ्या पापुद्र्यावर कान साफ करायच्या काडीने साधं व्हिनेगर, अगदी ओलसर, थेंब पडू न देता. गळलेला माल अल्कली आहे म्हणून सौम्य आम्ल, घरी लिंबाचा रस पण चालतो. (जुन्या स्वस्तातल्या झिंक कार्बन सेलची गळती मात्र आम्लाकडे झुकणारी असते, तिथे व्हिनेगर उपयोगाचं नाही, खायचा सोडा पाण्यात कालवून लावतात.) मग पाण्याने ओली केलेली काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळू दिलं. हे करताना त्यांनी हातमोजे घातले आणि मलाही मागे सरायला लावलं, ती पांढरी भुकटी डोळ्यात गेली तर वाईट, कातडीलाही भाजते. लहान मुलांसमोर हे करत बसू नका.

मी विचारलं पॉलिश पेपरने घासून पटकन होणार नाही का, तर नानांनी चक्क हात जोडले. पॉलिश पेपरने घाण जाते पण निकेलही जातं, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज. त्यांच्याकडे फायबरचे बारीक तंतू असलेलं पेन आहे, त्याने अगदी हलक्या हाताने फक्त टेकण्याची जागा साफ केली. पेन्सिलचं खोडरबर पण चालतं म्हणाले, मात्र त्याचा भुगा आत राहू द्यायचा नाही.

चिरलेलं झाळण नुसतं गरम करून सोडलं नाही. जुनं कथील शोषून घेतलं, फ्लक्स लावला, नवं भरलं. ढिली स्प्रिंग पकडीने ओढून लांब करतात तसं पण केलं नाही. ओढलेल्या स्प्रिंगचा ताण लवकर परत बसतो आणि दुखणं परत येतं. त्यांच्याकडे भंगारातल्या चांगल्या मशीनच्या काढून ठेवलेल्या स्प्रिंगांची डबी आहे, त्यातून त्याच घेराची, निकेल चढवलेली स्प्रिंग शोधून बसवली. शोधायलाच जास्त वेळ गेला. सेलच्या झाकणाचं कुलूपही ढिलं होतं, आतून पातळ फोमची पट्टी चिकटवली म्हणजे सेल खडखडणार नाहीत. या पट्टीचा फायदा मला रेकॉर्डिंगमध्येही कळला, मशीन हातात धरून चालताना जी बारीक टकटक यायची ती गेली.

शेवटी परत मीटर. तोच लोड, तीच सुई, चौथा जोड पण बाकीच्यांच्या बरोबरीला. "आते दखा" म्हणत मशीन रेकॉर्डिंगला लावलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चहूबाजूंनी ठोकलं, उलटं केलं, हलवलं. माझा जीव वर-खाली होत होता पण रेघा तीनच्या तीन. काढलेली जुनी स्प्रिंग प्लास्टिकच्या पुडीत घालून मला दिली. पैसे घेतले ४०० रुपये. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

सोबत कॉलर माईकचा ट्रान्समीटर पण नेला होता, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवरचा, मधेच आवाज तुटायचा. त्याला स्प्रिंग नसते, दोन बटणं असतात, त्यातल्या मोठ्या बटणाच्या पाकळ्या फाकतात आणि पकड जाते. नानांनी बारीक नोज प्लायरने पाकळ्या एकेक करून किंचित आत घेतल्या, दोन मिनिटांचं काम, पैसे नाहीत. हे तुम्ही घरी करू शकता, फक्त बॅटरी काढून करा आणि एकदम जोरात दाबू नका, पाकळी तुटली तर नवा क्लिप लावावा लागतो.

आता सेलबद्दल, कारण निम्मी माणसं रिपेअरिंगला येतात आणि भानगड सेलचीच निघते असं नानांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. पेन्सिल सेल सगळे सारख्याच मापाचे असतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मापात थोडी सूट असते, लांबी ४९.२ ते ५०.५ मिलिमीटरपर्यंत चालते, जाडी १३.५ ते १४.५. एक मिलिमीटरच्या वरचा हा फरक थकलेल्या स्प्रिंगला पुरून उरतो. शिवाय पॉझिटिव्हचा टेंभा, म्हणजे वर आलेलं टोक, काही सेलचा उंच, काहींचा बसका. पुष्कळ मशीनमध्ये पॉझिटिव्हच्या पत्र्याभोवती प्लास्टिकचा कठडा असतो, सेल उलटा घातला तर टेकू नये म्हणून, आणि बसक्या टेंभ्याचा सेल त्या कठड्यावरच अडतो. म्हणून एका कंपनीच्या सेलवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही असं झालं तर मशीनला लगेच दोष देऊ नका, दोन्ही सेल शेजारी उभे करून टेंभे बघा.

मी एनेलूपचे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरते, महाग आहेत पण ठेवून ठेवून लवकर उतरत नाहीत आणि लोडवर व्होल्ट टिकवतात, अल्कलाइनपेक्षा यांचा आतला रेझिस्टन्स बराच कमी. फक्त मशीनच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायचा असतो, अल्कलाइन की निकेल मेटल हायड्राइड, तो चुकीचा असेल तर चांगले सेल असूनही रेघा खोट्या दिसतात. कॉन्टॅक्टच्या मागे लागण्याआधी हे एकदा बघून घ्या, फुकटात सुटणारी गोष्ट आहे. हल्ली यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात, ते मी रेकॉर्डरसाठी घेणार नाही. त्यांच्या आत स्वतःचा कन्व्हर्टर असतो, त्याची बारीक कुजबुज संवेदनशील माईकच्या रेकॉर्डिंगमध्ये येऊ शकते, आणि शेवटपर्यंत १.५ दाखवून एकदम शून्यावर येतात म्हणजे मशीनची बॅटरीची रेघ निरुपयोगी. टॉर्चला घाला, रिमोटला घाला. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि जोरदार सेल त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात, गळतीला आमंत्रणच.

चांदी कागदाचा उपाय, म्हणजे स्प्रिंगपाशी अॅल्युमिनियमची घडी कोंबायची, हा गावोगाव चालतो. अगदी रात्री बारा वाजता गाणं सुरू आहे आणि दुसरा मार्गच नाही तर एक वेळ करा, पण सकाळी काढा. अॅल्युमिनियमवर स्वतःचा ऑक्साइडचा थर असतो, घडी थरथरीत सैल होते आणि सुटलेला तुकडा दोन पत्र्यांच्या मधे पडला तर सरळ शॉर्ट. नानांच्या टेबलावर तसा जळालेला एक सेलचा कप्पा ठेवलेला आहे, येणाऱ्याला दाखवायला. त्यापेक्षा झाकणाच्या आतून कागदाची घडी लावून सेल दाबून बसवणं बरं, ती निदान करंटच्या वाटेत येत नाही.

पॉवर बँक लावली की प्रश्न मिटला असं वाटत असेल तर एक अडचण आहे. रेकॉर्डर इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवर बँका समजतात फोन फुल झाला, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. कमी करंटचा मोड असलेली घ्या, आणि घरी पूर्ण दोन तास चालवून बघितल्याशिवाय कार्यक्रमाला नेऊ नका. पॉवर बँक लावली तरी आत चांगले सेल ठेवा, म्हणजे वायर निघाली तर सेलवर जातं. माझ्या मशीनमध्ये तसं होतं, तुमच्यात होतं का ते वायर उपसून बघा, आधीच.

अचानक बंद पडलेल्या रेकॉर्डिंगबद्दल पण सांगते. मधेच पॉवर गेली की वेव्ह फाईल नीट बंद होत नाही, कारण फाईलच्या सुरुवातीला जिथे एकूण लांबी लिहायची असते ती मशीन शेवटी भरतं. मग फाईल शून्य साईजची दिसते किंवा उघडत नाही, आणि माणूस समजतो गेलं. पण आवाज बऱ्याचदा कार्डवर असतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण एक जीबी डेटा, तो कुठे उडून जात नाही. पहिलं काम म्हणजे ते कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर आणखी एकही सेकंद रेकॉर्ड करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. फाईल साईजने मोठी दिसत असेल पण उघडत नसेल तर ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट करा, २४ बिट, लिटल एंडियन, चॅनेल दोन, रेट ४८०००. नुसती खरखर आली तर सुरुवातीचे एक-दोन बाइट सोडून परत करून बघा. शून्य साईज दिसत असेल तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्ड चाळून आवाजाच्या फाईली पण काढतं, नाव फोटोचं असलं तरी. मला यातून कानबाईच्या रात्रीचं एक गाणं जवळजवळ पूर्ण मिळालं, शेवटचं कडवं तेवढं नाही. नाना डेटा रिकव्हरी करत नाहीत, पण कार्ड बाजूला ठेव हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं.

अर्धा स्टार का कापला? एक तर वेळ. मशीन दिलं की संध्याकाळी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी बँडवाल्यांचे अँप रांगेत असतात आणि छोटं मशीन मागे पडतं, मला परत परत फेऱ्या माराव्या लागल्या. नंदुरबार-शहाद्याकडून येणाऱ्यांना ते परवडणारं नाही, आधी कुणाकडून तरी विचारून या. दुपारी दुकान बंद, आणि किती वाजता उघडेल त्याचा नेम नाही. बिल मिळत नाही, संस्थेकडून पैसे घेणाऱ्यांची पंचाईत होते. गॅरंटीची भाषा ते करत नाहीत, "परत झालं तर घेऊन या" एवढंच. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत या.

आणि फुगलेली लिथियम बॅटरी असलेलं मशीन ते हातातच घेत नाहीत, आणि ते बरोबरच करतात, पण तुम्ही तेवढ्यासाठी लांबून येऊ नका.

हे सगळं धरूनही मी कुणालाही तिथेच पाठवेन. राजवाडे संशोधन मंडळ ज्या धुळ्यात १९२७ पासून जुने कागद जपून ठेवतंय त्याच गावात आमच्यासारखी आवाज जमवणारी माणसं मशीन बंद पडलं की पुण्या-मुंबईकडे बघत बसतात, आणि तिकडून बोर्ड बदला एवढंच ऐकून येतात. मशीन फेकायचं ठरवून नव्यासाठी पैसे साठवणारे दोन जण मला माहीत आहेत, दोघांचाही आजार हाच वाटतो, यूएसबीवर चालतं, सेलवर मरतं. त्यांना मी नानांचा पत्ता दिलाय. विद्यापीठाच्या, कॉलेजच्या मुलांना लोकसाहित्याचे प्रोजेक्ट असतात, कपाटात बंद पडलेले रेकॉर्डर असतात, ते जरा काढून बघा, सेल आत तसेच राहिले असतील तर आजच काढा.

जाणार असाल तर मशीन ज्या सेलवर बंद पडतं तेच सेल घेऊन जा, चार्ज करून. फँटमवर बंद पडत असेल तर तो माईक आणि वायर पण न्या, नाही तर लोड देता येत नाही आणि दुखणं दिसत नाही. कार्ड काढून घरी ठेवा, तपासायला दुसरं रिकामं कार्ड द्या. केव्हा बंद पडतं ते कागदावर लिहून न्या, हलवल्यावर, गरम झाल्यावर, का नुसतंच. नाना तो कागद खरंच वाचतात. सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी कमी असते.